गर्दीचे गणित आणि तुळजापूरची वाट

आश्विन पौर्णिमा जवळ आली की सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता वाहनांचा राहत नाही, तो पायी चालणाऱ्यांचा होतो. सुमारे ४५ किलोमीटरच्या या वाटेवर रात्रभर माणसांची रांग तुटत नाही. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निद्रिस्त झालेली तुळजाभवानी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर विराजमान होते. त्या दर्शनासाठी सोलापूरसह कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणातून लोक येतात. पोलीस वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवतात, गावोगावची मंडळे चहा-फराळाचे मांडव घालतात, तरुण पोरे थकलेल्यांचे पाय चेपून देतात. या सोहळ्याला कोणी ‘इव्हेंट’ म्हणत नाही. तरीही आयोजनाच्या आधुनिक शास्त्राला जे जे प्रश्न पडतात, ते सर्व या एका रात्रीत एकवटलेले असतात.

धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंतचे नाव उस्मानाबाद) अशा गर्दीच्या जागा अनेक आहेत. कळंब तालुक्यातील येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजींचा उरूस होतो. तेरला संत गोरोबा काकांची समाधी आहे. एप्रिल २०१७ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आणि जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहराने भरवले. शिवाय महामार्गालगत वाढलेली मंगल कार्यालये व लॉन, राजकीय सभा आणि गणेश मंडळांच्या मिरवणुका आहेतच. छोट्या जिल्ह्याच्या मानाने हा पसारा मोठा आहे. तो सांभाळण्याची रीत मात्र अजून बरीचशी ‘बंदोबस्त’ या एका शब्दावर उभी आहे. किती पोलीस, किती गृहरक्षक आणि किती स्वयंसेवक, इतकेच विचारले जाते. दारे किती रुंद आहेत, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

माणसे का दगावतात?

चेंगराचेंगरीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: अफवा पसरली, लोक सैरावैरा धावले. गेल्या काही दशकांच्या अभ्यासाने हे चित्र बरेच बदलले आहे. अशा दुर्घटनांत बहुतेक मृत्यू पायाखाली तुडवले जाऊन होत नाहीत. छातीवर चहूबाजूंनी दाब आल्याने श्वास घेता येत नाही आणि माणूस गुदमरतो. काही जण तर उभ्याउभ्याच गतप्राण होतात. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असतील तर हालचाल अवघडते, पण शक्य असते. हीच संख्या सहा-सातवर गेली की माणूस स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकू शकत नाही. गर्दी द्रवासारखी हेलकावते आणि मागच्या टोकाचा रेटा लाटेसारखा पुढच्या टोकाला पोहोचतो. मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नाही, आणि पुढच्यांचा आवाज मागे जात नाही. अशा वेळी ‘शिस्त पाळा’ असे ध्वनिक्षेपकावरून ओरडण्याचा उपयोग फारसा होत नाही. लोक बेशिस्त नसतात, त्यांना हलायला जागाच नसते.

महाराष्ट्राने याचा सर्वांत भयंकर धडा २५ जानेवारी २००५ रोजी घेतला. सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास भाविक मृत्युमुखी पडले. डोंगरावरची चिंचोळी, चढ-उताराची वाट, दोन्ही बाजूंना खेटून लागलेली दुकाने, फुटलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि त्यात दुकानांना लागलेली आग, असे सारे एकत्र आले. त्याआधी २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर ३९ जणांचा जीव गेला होता. अगदी अलीकडे, ३ मे २०२५ च्या पहाटे गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतही उताराच्या रस्त्यावरच चेंगराचेंगरी होऊन किमान सहा भाविक दगावले. सोलच्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री १५९ जणांचा बळी घेणारी गल्लीही उताराचीच होती. ही ठिकाणे एकमेकांपासून दूर आहेत, पण उतार आणि अरुंद वाट सगळीकडे आहे.

तुळजापूरचे मंदिर बालाघाटाच्या डोंगरात खोलगट जागी आहे. महाद्वारातून पायऱ्या उतरत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ करीत खाली जायचे आणि दर्शन घेऊन पुन्हा वर चढायचे, अशी ही रचना. त्यात कुणी नवस फेडण्यासाठी लोटांगण घेत असते, कुणाच्या डोक्यावर परडी, तर कुणाच्या कडेवर जावळाचे मूल असते. अशा जागी गर्दीचा विचार सपाट मैदानाच्या हिशेबाने करता येत नाही.

एका दुकानाची किंमत

हिशेब कसा करावा, हे ब्रिटनच्या एका पुस्तिकेत सापडते. तेथे क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी जी मार्गदर्शिका वापरली जाते, तिच्यानुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ आणि पायऱ्यांवरून ६६ माणसे जातात. हे आकडे क्रीडाप्रेक्षकांसाठीचे आहेत. आपल्याकडची गाठोडी, वृद्ध माणसे आणि लहान मुले धरली तर ते आणखी कमी भरतील. पण तेच धरून चालू.

तीन मीटर रुंदीच्या पायऱ्या असतील तर मिनिटाला १९८, म्हणजे तासाला जेमतेम १२ हजार माणसे जातील. एक लाख लोकांना त्या जिन्यावरून उतरायला आठ तासांहून अधिक वेळ लागेल. आता त्याच जिन्याच्या कडेला हार-नारळाचे एक दुकान मीटरभर पुढे सरकले आहे असे समजा. तासाला जाणारी माणसे लगेच आठ हजारांच्या खाली येतात. वरून येणारा लोंढा मात्र तोच राहतो. म्हणजे दर तासाला सुमारे चार हजार माणसे जिन्याच्या तोंडाशी साठत जातात. एका दुकानाच्या अतिक्रमणाची खरी किंमत ही असते. भाडेपावतीत ती दिसत नाही.

मैदानाचाही असाच हिशेब आहे. ५० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद मैदान म्हणजे दोन हजार चौरस मीटर. चौरस मीटरला चार माणसे धरली तर आठ हजार माणसे मावतील, असे आयोजक खुशीने सांगतो. पण त्या मैदानाला तीन-तीन मीटरची दोनच दारे असतील तर मिनिटाला ४९२ माणसे बाहेर पडतील. त्याच मार्गदर्शिकेत कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडायला लागणारा वेळ आठ मिनिटांच्या आत असावा असे म्हटले आहे. त्या हिशेबाने या मैदानाची क्षमता चार हजारांच्याही आत येते. त्यातले एक दार प्रमुख पाहुण्यांच्या गाड्यांनी अडवले की दोन हजार. आपल्याकडच्या सभांत हे दार हमखास अडवलेले असते!

मैदानाची क्षमता जमिनीवरून ठरत नाही, दारांवरून ठरते. आयोजनाच्या क्षेत्रातला अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे या साध्या गोष्टीचा स्वीकार. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मोठ्या जमावांच्या व्यवस्थापनासाठी २०१४ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिचाही रोख केवळ बंदोबस्त वाढवण्यापेक्षा आधीच्या नियोजनाकडे अधिक आहे.

वेळ वाटून देण्याची रीत

गर्दी कमी करता येत नसेल तर ती पसरवता येते. जागेत किंवा वेळेत. करोनाच्या काळाने वेळेत पसरवण्याची सवय लावली. २०२० च्या शारदीय नवरात्रात तुळजाभवानीचे मंदिर भाविकांसाठी बंद होते. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी राज्यातली मंदिरे पुन्हा उघडली तेव्हा ठरावीक संख्येने, नोंद करून दर्शन देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आली. साथ ओसरली तरी पूर्वनोंदणी आणि वेळ नेमून दिलेला पास हे उपाय राहिले. मात्र पास हातात असूनही भाविक सकाळीच येऊन रांगेच्या तोंडाशी बसत असेल, तर वेळ वाटून देण्याला अर्थ उरत नाही. त्याला थांबायला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह असलेली जागा गावाबाहेर हवी. मंदिराच्या दारात थांबवलेली रांग आणि दोन किलोमीटर अलीकडे थांबवलेली रांग यांत मोठा फरक आहे. पहिलीत रेटा तयार होतो, दुसरीत होत नाही.

मोजणीची साधनेही आता गावापर्यंत पोहोचली आहेत. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या तरुणांनी पायाखालच्या दाबावरून माणसे मोजणारी चटई प्रत्यक्ष वापरून पाहिली होती. आज ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे तेच काम आकाशातून करतात. पण या साधनांवर भाबडा विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. २०२५ च्या प्रयागराजच्या महाकुंभात असे कॅमेरे मोठ्या संख्येने होते. तरीही मौनी अमावास्येच्या पहाटे, २९ जानेवारीला संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली. सुरुवातीच्या सरकारी आकड्यानुसार तीत ३० भाविक गेले. इतेवॉनमध्ये तर कॅमेऱ्यांचीही गरज नव्हती. गल्लीत माणसे चेंगरत आहेत असा पहिला दूरध्वनी पोलिसांकडे संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी आला होता, म्हणजे दुर्घटनेच्या साडेतीन तासांहून अधिक आधी. माहिती होती, पण त्या माहितीवर रस्ता बंद करण्याचा निर्णय घेणारा माणूस नव्हता.

त्यामुळे आयोजनाच्या आराखड्यात आता एक नाव लिहिले जाऊ लागले आहे. ते नाव कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचे असते. अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, निमंत्रक यांच्या यादीत ते नसते. गर्दी किती झाली की दार बंद करायचे, हे त्याने आधीच आकड्यात ठरवलेले असते आणि त्या क्षणी त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तुळजापुरात या दृष्टीने एक सोय आहे. तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुखही तेच असतात. रस्ता बंद करण्याचा, प्रवेश थांबवण्याचा अधिकार कायद्याने त्यांना आहेच. गावच्या यात्रा समितीकडे किंवा लग्नघराकडे असे कुणी नसते. तेथे ‘पाहुणे यायचे आहेत, थोडं थांबा’ हेच अंतिम वाक्य असते. पाहुण्यांची वाट पाहणेही निरुपद्रवी नाही. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तमिळनाडूत करूर येथे नेत्याच्या प्रतीक्षेत लोक कित्येक तास तिष्ठत उभे होते. नंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ४१ जण गेले.

ऊन, पाऊस, वारा

येरमाळ्याच्या यात्रेत देवीची पालखी आमराईत येते आणि भाविक शेतातून चुनखडी वेचतात. मोकळे रान, त्यामुळे चेंगरण्याची भीती मंदिराच्या आवारापेक्षा कमी. पण चैत्र पौर्णिमा म्हणजे मराठवाड्यातला एप्रिल. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. मैदान प्रशस्त होते. लोक सकाळपासून उघड्यावर बसले होते आणि भर दुपारी, मिळेल त्या वाहनाकडे उन्हातून चालत निघाले होते. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाचा कडाका असेपर्यंत दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावरच्या कार्यक्रमांना मनाई केली. यात्रेच्या परंपरेला घड्याळ लावता येत नाही हे खरे. पण वाहनतळापासून आमराईपर्यंतच्या वाटेवर सावलीचे कापड, पाण्याच्या टाक्या आणि मीठ-साखरेचे पाणी ठेवता येते. चक्कर आलेल्या माणसाला गर्दीतून बाहेर काढण्यासाठी रुग्णवाहिकेची वाट मोकळी राखता येते. ही वाट पायी चालणाऱ्यांच्या वाटेपेक्षा वेगळी हवी. एकच वाट दोघांनाही दिली तर गर्दीच्या वेळी ती कुणाच्याच कामाची राहत नाही.

पावसाचे गणितही बदलले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नवरात्राच्या तोंडावर भूम, परंडा भागात पुराने थैमान घातले आणि बचावासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातल्या आयोजकांनी पुराचा पर्यायी मार्ग आखून ठेवावा, हे वीस वर्षांपूर्वी कुणी मनावर घेतले नसते.

लग्नसराईतला धोका वळवाच्या वाऱ्याचा. पूर्वी बांबू आणि कनातीचा मांडव असे, तो वाऱ्याने पडला तरी हानी मर्यादित राही. आता लोखंडी सांगाड्यावर टांगलेले एलईडी पडदे, दिव्यांच्या कमानी आणि भलेमोठे प्रवेशद्वार असते. त्यांचा पाया मात्र मांडवासारखाच, तात्पुरता. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात कोसळलेल्या जाहिरातफलकाखाली १७ जण सापडून मेले. लॉनवरची कमान त्या मानाने लहान असते, पण तिच्याखाली जेवणाची पंगत बसलेली असते. चांगले मंडपवाले आता वातमापक जवळ ठेवतात आणि वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की पडदे खाली उतरवतात. अशा मंडपवाल्याचा दर थोडा चढा असतो. यजमानाने तिथे घासाघीस करू नये.

आग आणि वीज

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या स्नेहसंमेलनात कृत्रिम धाग्याच्या मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत मुले बहुसंख्य होती. बाहेर पडायची वाट जवळजवळ एकच होती. तात्पुरत्या मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ब्युरोचे ८७५८ क्रमांकाचे मानक आहे. ते मांडव भाड्याने देणाऱ्या किती जणांनी पाहिले असेल, हा प्रश्नच आहे. हल्ली वरमाला घालताना दोन्ही बाजूंनी उडणारी ठिणग्यांची कारंजी लोकप्रिय झाली आहेत. त्यांना ‘थंड’ आतषबाजी म्हणतात, पण ठिणगी थंड नसते. छताला पातळ कापड आणि कागदी फुले असतील तर ती पेट घेऊ शकतात. गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री लागलेल्या आगीत २५ जण मृत्युमुखी पडले, तेव्हाही बंदिस्त जागेतल्या आतषबाजीचाच मुद्दा पुढे आला.

विजेबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावी लागेल. मिरवणुकीचा रथ सजावटीसह किती उंच होतो, हे मोजूनच मार्ग ठरवायला हवा. तमिळनाडूत तंजावरजवळ २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे मंदिराच्या रथाचा वरून जाणाऱ्या विजेच्या तारेला स्पर्श होऊन ११ जण गेले. महावितरणला मार्ग आणि वेळ आधी कळवली तर पुरवठा तेवढ्यापुरता बंद करता येतो. मंडळे ध्वनिक्षेपकाचा परवाना काढायला जातात तेव्हाच हा अर्जही द्यावा. ध्वनीचे नियम, रात्री दहाची मर्यादा आणि वर्षातून ठरावीक दिवसांची सवलत हा सर्वांना पाठ असलेला विषय आहे. त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

वाटेवरची माणसे

कार्यक्रमाची हद्द मैदानाच्या कुंपणाशी संपते, असे मानण्याची चूक बहुतेक आराखड्यांत असते. नवरात्राच्या आधी गावोगावचे तरुण तुळजापूरहून भवानीज्योत घेऊन धावत आपापल्या गावी जातात. रात्रीचा महामार्ग, हातात मशाल, मागे-पुढे दुचाकी आणि एखादा टेम्पो. सोलापूर–धुळे महामार्ग चौपदरी झाल्यापासून वाहनांचा वेग वाढला आणि धावणाऱ्यांचा धोकाही. अंगावर प्रकाश परावर्तित करणारे पट्टे, मागून येणाऱ्या टेम्पोवर लुकलुकता दिवा, धावणाऱ्यांनी रस्त्याची एकच कड धरणे, याला फार खर्च येत नाही. ज्योत नेणाऱ्या मंडळांची तुळजापुरातच नोंद करून हे पट्टे तिथेच दिले, तर ती नोंद पुढच्या प्रत्येक पोलीस ठाण्याला उपयोगी पडेल. कोजागरीच्या पायी यात्रेसाठी रस्ता बंद ठेवता येतो, ज्योतीसाठी ते शक्य नाही. म्हणून इथे माणूस दिसणे हाच उपाय.

मंत्रिमंडळाने ६ मे २०२५ रोजी अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे झालेल्या बैठकीत तुळजाभवानी मंदिर परिसराचा १,८६५ कोटी रुपयांचा विकास आराखडा मंजूर केला. अशा आराखड्यांची चर्चा बहुधा शिखर, शिल्प, प्रकाशयोजना यांभोवती फिरते. तुळजापूरकरांनी आणि दरवर्षी चालत येणाऱ्या सोलापूरकरांनी त्याच्या नकाशात आधी बाहेर पडण्याच्या वाटा शोधाव्यात: त्या किती आहेत, सर्वांत अरुंद ठिकाणी किती मीटर रुंद आहेत, आत येणाऱ्यांच्या वाटेला त्या कुठे छेदतात, आणि त्यांच्या कडेला दुकानांसाठी किती जागा सोडली आहे.